विषाची बेरीज



आपल्या रक्तात हार्मोन नावाचे रस असतात. वाढ, पाळी, मूल होणे त्यांच्या हुकमाने चालते. काही कीटकनाशके व प्लॅस्टिकमधली काही रसायने या रसांची नक्कल करतात. मग शरीर फसते.

२००२ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी अशी ८ रसायने पाव फुगवणाऱ्या यीस्टवर तपासली. प्रत्येक इतके थोडे, की एकट्याचा परिणाम दिसेना. आठही एकत्र केली, तर परिणाम दिसला! अहो, रुतलेली गाडी एकट्याने हलत नाही. आठांनी खांदा लावला की निघते.

म्हणून आम्ही सांगतो, "एवढ्याशाने काय होतंय?" असे म्हणू नका. शेतातून, घरातून थोडे थोडे येते. धोका बेरजेने मोजावा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्याला, धान्याला कधीही वापरू नका. बेरीज तेवढी तरी कमी होईल.