हस्तलिखित देताना



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत बोनस, महागाई, किमान वेतन यांवर बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असते. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. लिहून झालेले पुस्तक लहान प्रकाशकाकडे कसे द्यावे, हा तो विषय. हे तर साहित्यिकांचे काम, त्यात तुमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती चारचौघांत सांगितल्यावाचून आम्हाला स्वस्थता नाही.

हळदीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे आमचे एक सहकारी होते. दिवसभर हमाली करून रात्री त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली. दोनशे पानी तीन रजिस्टरे भरली. अडते, तोलाईचे भांडण, दुखावलेली कंबर, संपाच्या दिवसांत गहाण पडलेले बायकोचे डोरले, सगळे त्यात होते. आम्ही ते वाचले आणि एका लहान प्रकाशकाचे नाव सुचवले. "माणूस सज्जन आहे, देऊन टाका," असे आम्हीच म्हणालो. गृहस्थ खरोखरच सज्जन होते. पण पुढे त्यांनी जागा बदलली, सामान हलले आणि त्यात रजिस्टरे गेली. नक्कल नव्हती, पोच नव्हती. "पुन्हा लिहा," असे आम्ही सांगून पाहिले. ते म्हणाले, "भाऊ, तेवढे सगळे पुन्हा आठवायची ताकद आता नाही." काही वर्षांनी ते वारले.

मालकाला साधे मागणीपत्र द्यायचे तर दुसऱ्या प्रतीवर आवकेचा शिक्का घेतल्याशिवाय आम्ही कचेरीची पायरी उतरत नाही. आणि एका माणसाच्या सबंध आयुष्याचे कागद आम्ही नुसत्या भरवशावर सोडून दिले!

याच्या उलट एक उदाहरण पाहा. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पण कागद जिवंत राहिले, आणि १९७९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, ते नाटक छापून लोकांसमोर आले. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'चीही तीच तऱ्हा झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'त त्याची सुरुवातीची प्रकरणे छापली गेली. पुढची छापायला पत्र धजावले नाही. लोखंडे म्हणजे आम्हा कामगारांचे आद्य पुढारी. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे. जवळच्या माणसाकडूनही लिखाण परत येऊ शकते, हे यावरून ध्यानात घ्यावे. फुल्यांचे नाटक नाकारले गेले, पण हरवले नाही. आमच्या सहकाऱ्याचे पुस्तक कोणी नाकारले नव्हते, तरी ते हरवले. यांतले अधिक वाईट कोणते, ते तुम्हीच ठरवा.

मग लहान प्रकाशकाकडे जाऊच नये काय? जरूर जावे. १९७४ साली वाचकांची चळवळ म्हणून 'ग्रंथाली' सुरू झाली. तिने १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' काढले. आपल्या मराठवाड्यातले, लातूरच्या सूतगिरणीत राबलेले लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. असे लिखाण नवख्या माणसाकडून येते, आणि नवख्या माणसाचे कागद उलगडून पाहायला सवड काढणारा बहुधा लहान प्रकाशकच असतो. मात्र त्याचे भांडवल तुटपुंजे असते. वाचणारा तोच, मुद्रिते तपासणारा तोच, गठ्ठे बांधणाराही तोच. त्याला देव मानू नये आणि चोरही मानू नये. तोही कष्टकरी आहे असे समजून व्यवहार चोख ठेवावा, म्हणजे दोघांचेही भले होते.

चोख व्यवहार म्हणजे काय? पहिली गोष्ट, मूळ वही घरातून हलवू नये. आज मोबाइलवर पानन् पान टिपून ठेवता येते. तेवढेही न करणे हा आळस आहे. दुसरी, प्रकाशकाने आजवर काय काढले ते ग्रंथालयात जाऊन पाहावे. कवितेच्या प्रकाशकाकडे शेतीचे पुस्तक नेऊन "आमचे घेत नाहीत" असे रडू नये. तिसरी, आधी एक पानाचे पत्र आणि दोन प्रकरणे पाठवावीत, आणि त्याने मागितले तर सगळे, स्वच्छ टंकलिखित, पानांना आकडे घालून. दिल्याची तारीख आणि पोच लेखी घ्यावी. चौथी, उत्तराला दोन-तीन महिने द्यावेत, मग विनयाने आठवण करावी. प्रकाशकाने छपाईचे पैसे मागितले, तर तो वेगळा व्यवहार आहे हे ओळखून किती प्रती, किती रुपये, हे आधी कागदावर आणावे. पैशाची अडचण असेल, तर नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी.

आणि करार! १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाणाचा हक्क ते लिहिले जाताच लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तेव्हा "कायमचे सर्व हक्क" या तीन शब्दांपाशी थांबून विचार करावा. आयुष्यभर अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून घ्या असे सांगत आलो. लेखकाच्या सहीलाही तोच नियम लागू आहे.

एवढे करूनही नकार येईल. त्याने खचू नये. आपण आज नागनाथाच्या गावात बसलो आहोत. नामदेवांना देवळापुढून उठवले, ते मागच्या बाजूला गेले, तिथे कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरले, ही आख्यायिका इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. देऊळ फिरले की नाही याचा वाद आम्ही घालत नाही. उठवल्यावरही त्यांनी कीर्तन थांबवले नाही, हे आम्हाला त्यात मोठे वाटते.

ती तीन रजिस्टरे आता परत येणार नाहीत. पण या सभेतल्या कोणाच्या घरी, ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, आईची नाहीतर वडिलांची एखादी वही पडलेली असेल. घरी गेल्यावर ती आधी बाहेर काढा आणि तिची नक्कल करा. प्रकाशकाचे पुढे पाहू.