नकाशातील वाट आणि शिवारातील वाट

(देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

‘फाटा’ या शब्दातच रस्त्याचा इतिहास सामावलेला आहे. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला सेलूचा रस्ता जेथे मिळतो, तेथे देवगाव फाटा आहे. असे फाटे ही मोटाररस्त्यांची अपत्ये होत. मोटारी येण्यापूर्वीच्या नकाशात शोध घेतल्यास गाव सापडते, फाटा बहुधा सापडत नाही. त्याऐवजी वेशीतून निघून चहूबाजूंच्या शिवांकडे जाणाऱ्या गाडीवाटा दिसतात. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला, पुढे डांबरी रस्ते आले आणि रहदारीची दिशा पालटली. कित्येक जुन्या वाटा ओस पडल्या, बाभळींनी वेढल्या आणि अखेर नांगराखाली गेल्या. वाट नाहीशी झाली; तिची गरज मात्र संपली नाही.

शहरांचा अनुभवही असाच आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत नगरसुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढताना अनेक गल्ल्या नामशेष झाल्या. त्यांचा माग काढावयाचा तर कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे पाहावे लागतात. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची तपशीलवार मोजणी झाली. पुढे मोडल्या गेलेल्या गल्लीबोळांची साक्ष आज ते नकाशे देतात.

तथापि शहरातील लुप्त गल्ली हा बहुधा अभ्यासकाचा विषय असतो. खेड्यातील लुप्त वाट हा शेतकऱ्याच्या उपजीविकेचा प्रश्न असतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर बांधावर अडतो आणि काढलेले पीक शेतातच भिजते. वाटेवरून भाऊबंदकी पेटते. अशा वेळी गावनकाशा हा मुका परंतु निःपक्षपाती साक्षीदार ठरतो.

हा साक्षीदार बोलका करण्यासाठी त्याची भाषा समजून घेतली पाहिजे. गावनकाशात दुहेरी तुटक रेषा गाडीमार्ग दर्शविते, तर एकेरी तुटक रेषा पायमार्ग. महसुली परिपाठात पायमार्गाची रुंदी ८.२५ फूट, तर गाडीमार्गाची १६.५ ते २१ फूट धरली जाते. यामागे साखळीचे गणित आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ फुटांचा पाव हिस्सा पायमार्गाला आणि किमान निम्मा गाडीमार्गाला. भूमापन क्रमांकातून जाणाऱ्या अशा मार्गाखालील क्षेत्र पोटखराब म्हणून नोंदलेले असते. म्हणून नकाशा आणि पोटखराबाची नोंद शेजारी ठेवून वाचावी.

शोधाचा आरंभ तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयातून करावा. प्रथम गावनकाशाची नक्कल घ्यावी. १९४७ च्या कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण योजना झाली, तेथे जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. तेथे दोन्ही नकाशे ताडून पाहावेत. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रकही उपयुक्त ठरते. त्यानंतर नकाशा घेऊन शिवारात जावे. ओढा, जुनी विहीर, बारव, देऊळ, तीन शिवा मिळतात तेथील दगड या सहजासहजी न हलणाऱ्या खुणा होत. त्यांवरून रेषेची जागा निश्चित करावी आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणीशी ती पडताळावी. अंतिम हद्द मात्र अधिकृत मोजणीनेच ठरते. कागद आकसतो, नकलेत रेषा सरकते, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. नांगर फिरला म्हणून ती मालकी आपोआप संपत नाही. वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये ६ महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. नकाशावर वाटच नसेल, तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही हाती घेतली.

परंतु कायद्याची पायरी चढण्यापूर्वी ग्रामसभेत नकाशा उलगडावा, हे अधिक श्रेयस्कर. शेजाऱ्याने सांगितलेले जे पटत नाही, ते आजोबांच्या काळातील रेषेने पटू शकते. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला आपल्याच गावाचा नकाशा फळ्यावर काढावा आणि विद्यार्थ्यांना एकेक वाट शोधावयास लावावी. त्यातून मुलांना प्रमाण व दिशा समजतील. शिवाय वाट ही एकट्याची नसून गावाची असते, हा नागरिकशास्त्राचा पाठही मिळेल. ज्या गावाने आपला नकाशा वाचला, त्या गावाला अडलेली वाट मोकळी करण्यासाठी निम्मे बळ तेथेच लाभते.