संग्रहालयात आपले जाते



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

नगरपालिकेने संग्रहालय बांधावे असे कोणी म्हटले की आपण बायका म्हणतो, आधी नळाला पाणी द्या. अकोला-अमरावतीकडच्या बाईला पाण्याचे मोल शिकवायला नको. मीही तसेच म्हणत असे. पण मुले संग्रहालय पाहायला नागपूरच्या अजब बंगल्यात जातात. तो १८६३ सालचा. आपल्या वऱ्हाडाचे घर त्यांना कोठे दिसणार?

मुंबई महापालिकेचे संग्रहालय राणीच्या बागेत आहे. ते १८७२ साली उघडले. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव दिले. त्याच्या नव्या इमारतीसाठी २०१४ साली स्टीव्हन हॉल या अमेरिकन वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला. इमारतीचा आराखडा परदेशातून आणता येतो. आतल्या वस्तू मात्र घराघरांतूनच याव्या लागतात.

पुण्याच्या काका केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी गावोगाव हिंडून जमविली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला देऊन त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केले.

आता माझी चूक सांगते. घर बांधताना मी सासूबाईंचे जाते भंगारवाल्याला देऊन टाकले. मला वाटले, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं वो बाई, त्या जात्यानं माह्या हाताले घट्टे पाडले." त्या पहाटे किती वाजता उठत, किती पायल्या दळत, दळताना काय म्हणत, हे मी तेव्हाही विचारले नाही. आज त्या नाहीत. जाते दुसरे मिळेल, पण ते घट्टे कोण सांगणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, संग्रहालय जेव्हा होईल तेव्हा होवो. त्यात जाते ठेवून खाली नुसते 'जाते' लिहिले, तर बाईचे कष्ट पुन्हा झाकलेच जातील. घरातील म्हातारीजवळ बसा. तिचे जाते, सूप, पाटा कोणी किती वापरला, ते वहीत लिहून ठेवा. आपल्या मंडळाने अशी एक वही आजपासूनच घालावी. पहिले पान मी लिहिते.