बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

(शारजातल्या एका कामगार निवासात रविवारी संध्याकाळी, डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मराठी मुलांसमोर केलेल्या बोलण्याचा मजकूर.)



मी बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे, शिक्षण डिप्लोमा इंजिनिअरिंग. गॅरेज काही चालवत नाही. पण मशीन बंद पडलं की करंट कुठे अडला ते शोधणं हे आमचं रोजचं काम. आमचं मशीन २३० व्होल्टचं, तुमची गाडी १२ व्होल्टची. शोधायची पद्धत मात्र एकच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची कहाणी सारखी आहे. गाडी बंद पडते, कोणीतरी न तपासता "बॅटरी गेली" म्हणतं, नवी बॅटरी बसते, पैसे पगारातून कापले जातात. आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा ढिम्म! म्हणजे दिवसाची कमाई बुडाली ती बुडालीच, वर कपात. म्हणून आज दोनच गोष्टी बोलतो: बिघाड कसा ओळखायचा आणि ओळखलेलं लिहून कसं ठेवायचं.

आधी मीटरशिवाय बघा. किल स्विच चालू आहे का? गाडी न्यूट्रलला आहे का? साइड स्टँड वर आहे का? क्लच दाबल्यावर सेल्फ लागतो का? हसू नका, अर्धा तास ढकलल्यावर लाल बटण बंद सापडतं.

चावी फिरवल्यावर काहीच लागत नसेल, तर मेन फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. सगळं लागतं पण सेल्फला नुसतं टक-टक होतं, तर बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल सैल असेल. एकच वस्तू बंद असेल, म्हणजे फक्त हॉर्न किंवा फक्त मागचा दिवा, तर बॅटरीला दोष देऊ नका. त्या वस्तूचा फ्यूज, स्विच, बल्ब आणि अर्थ एवढंच तपासा.

आता मल्टिमीटर. साधा, स्वस्तातला चालेल. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. तीन रीडिंग घ्यायची.

पहिलं, सकाळी गाडी चालू करण्याआधी. १२.६ किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण घागर रिकामी आहे म्हणजे ती फुटलीच असं नाही. आधी पूर्ण चार्ज करा, मग पुढचं रीडिंग.

दुसरं, सेल्फ मारताना. आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी ठीक. भरलेली बॅटरी ७-८ वर कोसळत असेल, तर ती खरंच गेली. आणि आकडा १२ वरून हललाच नाही, तरी सेल्फ फिरत नाही? मग करंट तिथपर्यंत पोचतच नाही. रिले, स्विच, अर्थची वायर बघा.

तिसरं, इंजिन चालू असताना, हेडलाइट लावून, चार-पाच हजार आरपीएमवर. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १२ च्या घरातच अडकलं तर गाडी चार्जिंग करत नाही. अशा गाडीत दहा नव्या बॅटऱ्या घातल्या तरी दहाही उतरतील. उलट १५ च्या वर गेलं, तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी शिजवतो आणि बल्ब उडवतो.

चार्जिंग येत नसेल तर कॉइलकडून येणारा प्लग बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे एकाच रंगाच्या तीन वायरी असतात. प्लग काळा पडलाय का, वितळलाय का? पुष्कळदा दोष तिथेच दिसतो. पुढचं माप एसीवर घ्यायचं असतं आणि इंजिन चालू असताना तिथे १२ पेक्षा बराच जास्त व्होल्टेज असतो. म्हणून ते जाणकाराकडून करून घ्या. तिन्ही जोड्यांत सारखा आकडा आला तर कॉइल ठीक, संशय रेग्युलेटरवर. एक जोडी कमी आली तर कॉइल.

आखातातल्या गाडीचे काही खास रोग आहेत. उन्हाने बॅटरीचं आयुष्य घटतं. समुद्राकाठच्या दमट हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. दिवसभर हँडल वळवून मानेजवळची वायर आतून तुटते. हँडल डावीकडे-उजवीकडे करताना गाडी बंद पडली तर तिथेच बघा. आणि मोबाइलचा चार्जर! तो थेट बॅटरीला जोडला असेल, तर रात्रभर थोडा थोडा करंट पितो. एक रात्र काढून ठेवा आणि दोन्ही सकाळची रीडिंग ताडून बघा.

एक मात्र करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते. गाडी कंपनीची असेल तर वायरिंग कापूही नका. मोजायला हरकत नाही, कापलंत तर दोष तुमच्या माथी.

आता हक्काचं. इथल्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात, कलम २५ मध्ये, पगारातून काय कापता येतं ते दिलंय. मालकाच्या वस्तूच्या नुकसानीची भरपाई कापायची, तर ते नुकसान कामगाराच्या चुकीने किंवा सूचना मोडल्याने झालेलं असावं लागतं. त्यातही कोर्टाच्या परवानगीशिवाय महिन्याला पाच दिवसांच्या पगाराहून जास्त कापता येत नाही. उन्हाने संपलेली बॅटरी किंवा बिघडलेला रेग्युलेटर ही तुमची चूक कशी? पण हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून तिन्ही आकडे, तारीख आणि किलोमीटर लिहा. मीटरचा आणि नंबर प्लेटचा फोटो काढून सुपरवायझरला मेसेजवर पाठवा, बिघाड झाला त्याच दिवशी. उद्या मंत्रालयात तक्रार करायची वेळ आली, तर हाच तुमचा कागद. ज्यांच्याकडे कामाचा करार आहे त्यांनी त्याची प्रतही जवळ ठेवा.

ब्रेकलाइट बंद असेल तर ऑर्डर उचलण्याआधी कळवा, तेही लिहून. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबताय हे दिसत नाही. एका ऑर्डरच्या पैशांसाठी तो धोका घेऊ नका.

पुढच्या रविवारी ज्यांच्या गाड्या त्रास देतायत त्यांनी सकाळचं रीडिंग लिहून आणा. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी गाडी आणा, मीटर मी आणतो. आता प्रश्न विचारा.