अपुऱ्या दिवसांची बालके आणि गणिताची वाट
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जमाखर्च मांडणे व ताळेबंद जुळविणे हे आमचे नित्यकर्म. आज मात्र आपल्यापुढे वेगळ्याच गणिताचा विषय ठेवावयाचा आहे.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. ३४ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोनतृतीयांश असते. मेंदूला वळ्या पडणे, पेशींचे परस्परांशी धागे जुळणे, ही कामे प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत होतात. लवकर जन्मलेल्या बाळाला ती मातेच्या उदराऐवजी काचेच्या पेटीत, दिव्यांच्या प्रकाशात आणि यंत्रांच्या आवाजात पार पाडावी लागतात.

याचा परिणाम पुढे शाळेत दिसू शकतो. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांची अकराव्या वर्षी पाहणी झाली, तेव्हा वाचनापेक्षा गणितात ती अधिक मागे असल्याचे आढळले. लंडनच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांच्या ज्या मुलांना आकडेमोड कठीण जाते, त्यांच्या मेंदूच्या डाव्या पार्श्वखंडातील एका भागात करडे द्रव्य कमी असते. आपल्या पुण्यातही के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेत होता. तरी वाचन व गणित यांतील अडचणी स्पष्ट दिसल्या. मातेचे शिक्षण व घरची परिस्थिती यांचाही प्रभाव त्यात आढळला.

यातील मर्म ध्यानी घ्यावयास हवे. अशा मुलांना बहुधा संख्येचे ज्ञान असते. अडते ते स्मरणात एकाच वेळी अनेक गोष्टी धरून ठेवण्यापाशी. वजाबाकीतला हातचा निसटतो, शाब्दिक उदाहरणातील दुसरी पायरी गाठेपर्यंत पहिली विसरते. मूल बोलके व चुणचुणीत असते, म्हणून घरी आणि शाळेत त्याच्यावर आळसाचा ठपका येतो. वस्तुतः उदाहरणाच्या पायऱ्या सुट्या करून लिहून दिल्या, थोडा अधिक वेळ दिला, तर पुष्कळ साध्य होते. सर्वच मुलांना ही अडचण येते असेही नाही. पण कोणाला येईल हे तपासणीवाचून कळत नाही. १९५८ व १९७० साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांच्या अभ्यासात तर बालपणीच्या गणिताचा संबंध थेट बेचाळिसाव्या वर्षीच्या सांपत्तिक स्थितीशी आढळला आहे.

म्हणूनच आमची विनंती आहे. पेटी किंवा श्वसनयंत्र यांसाठी दाते सहज पुढे येतात. त्यावर नावाची पाटी लागते. बाळ घरी गेल्यावर मात्र त्याचे खाते मिटले असे समजले जाते. हिशेबाच्या दृष्टीनेही हे योग्य नव्हे. भांडवल गुंतवून त्याची देखभाल न करण्यासारखेच ते आहे. दुसऱ्या, पाचव्या व आठव्या वर्षी तपासणी, बालमानसतज्ज्ञाचे मानधन, शिक्षकांस समजेल अशा मराठीत लिहिलेली चिठ्ठी आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्या मातेच्या प्रवासाचा खर्च, एवढ्यासाठी स्वतंत्र पाठपुरावा निधी उभारावा, असा प्रस्ताव आम्ही सभेपुढे ठेवीत आहोत. या निधीवर पाटी लागणार नाही. एखाद्या मुलाच्या वहीत हातचा बरोबर धरला जाईल, हीच त्याची पोचपावती.