शेजारच्या राज्यांतील विमानतळ आणि घरचा हिशेब

धुळें जिल्ह्यांतील नरडाणा हें गांव दोन वाटांच्या सांध्यावर वसलेलें आहे. सुरतेहून जळगांवकडे जाणारी, तापीच्या खोऱ्यांतील रेल्वे येथें थांबते. आणि मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना राजमार्ग गांवाजवळून उत्तरेकडे जातो. रेल्वेनें पश्चिमेस गेल्यास कांहीं तासांत गुजरात लागतो. रस्त्यानें उत्तरेस गेल्यास तापी ओलांडून, शिरपूर मागें टाकून, बिजासनीच्या घाटांत मध्यप्रदेशाची हद्द लागते. अशा गांवच्या माणसास मुंबईपेक्षां परक्या राज्याची हद्दच जवळची असते. विमानाचा प्रवास सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत येऊं लागल्यापासून या भूगोलास एक नवा अर्थ प्राप्त झाला आहे. सुटींत दूरच्या प्रवासास निघावयाचें, तर विमान मुंबईस धरावें, कीं सुरतेस अगर इंदुरास? कोठें जाण्यानें चार पैसे खरोखर शिल्लक पडतात? आजच्या भाषणाचा हाच विषय आहे.

एखाद्या घराचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. घरांत नवरा, बायको, दोन शाळकरी मुलें आणि सत्तरीची आजी अशीं पांच माणसें आहेत. आजीची मुलगी बंगळूरास नांदते. आगगाडीचा दीड दिवसाचा प्रवास आजीच्या गुडघ्यांस सोसवत नाहीं, म्हणून मायलेकींची भेट वर्षानुवर्षें लांबणीवर पडत आली आहे. यंदां कापसाच्या पैशांतून पन्नास हजार रुपये या प्रवासासाठीं बाजूस काढले आहेत. अशा घरीं विमान ही चैन नव्हे. आजीची भेट होणें अगर न होणें त्यावर अवलंबून आहे. म्हणून तेथें नऊ हजारांची बचत म्हणजे नुसता आंकडा राहत नाहीं.

प्रथम, एकाच गांवीं जाणाऱ्या विमानाचें भाडें दोन विमानतळांवरून निरनिराळें कां असतें, हें पाहूं. आगगाडीचें भाडें मुख्यतः अंतरावर ठरतें, तसें विमानाचें नसतें. एकाच विमानांतील जागा कंपनी निरनिराळ्या दरांच्या गटांत विकते; स्वस्त गट संपला कीं महाग गट उघडतो. दिवाळी आणि मे महिन्याची सुटी आली, कीं खालचे गट लवकर संपतात. ज्या मार्गावर दोनतीन कंपन्या एकमेकींशीं चुरस करतात, तेथें भाडें खालीं येतें; जेथें एकच कंपनी आठवड्यांतून मोजकींच विमानें सोडते, तेथें उतारूस निवड राहत नाहीं. शिवाय विमानाच्या इंधनावरील राज्याचा कर राज्याराज्यांत वेगळा आहे, आणि विमानतळाचें जें शुल्क तिकिटांतच मिळविलेलें असतें, तेंही विमानतळागणिक बदलतें. अशा चारपांच कारणांनीं हद्दीपलीकडचें तिकिट कधीं स्वस्त पडतें, आणि कधीं महागही पडतें. ‘परराज्यांत स्वस्ताई’ असा कांहीं सार्वत्रिक नियम नाहीं.

कोणी विचारील, खानदेशास स्वतःचा विमानतळ नाहीं काय? आहे. जळगांवच्या विमानतळाचें उद्‌घाटन २०१२ सालीं झालें. ‘उडान’ या केंद्रीय योजनेचें पहिलें विमान २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमला ते दिल्ली या मार्गावर निघालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जळगांवासही मुंबईचें विमान मिळालें. या योजनेंत सुमारें तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपयांची मर्यादा कांहीं जागांपुरती घालून देण्यांत आली होती. परंतु जळगांवची सेवा कांहीं महिन्यांतच बंद पडली. २०१९ सालीं दुसऱ्या कंपनीनें ती सुरू केली, तीही पुढें थांबली. २०२४ सालीं गोवा, हैदराबाद वगैरे ठिकाणचीं विमानें पुन्हां येऊं लागलीं. लहान विमानतळाची ही अडचण आहे. गांवाजवळचें विमान मिळालें तर तें सर्वांत उत्तम. परंतु तें हव्या त्या दिवशीं, हव्या त्या गांवास जाईलच असें नाहीं. म्हणून नरडाण्याचा माणूस प्रथम जळगांवची चौकशी करतो आणि मग हद्दीपलीकडे पाहतो.

हद्दीपलीकडे दोन शहरें आहेत. उत्तरेस इंदूर. तेथील विमानतळास देवी अहिल्याबाई होळकर यांचें नांव आहे. होळकर संस्थानच्या काळांतच बिजासन टेकडीजवळ ही जागा निवडण्यांत आली होती. पश्चिमेस सुरत. तेथील नव्या इमारतीचें उद्‌घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजीं झालें. सुरतेहून शारजाचें विमान २०१९ च्या फेब्रुवारींत आणि इंदुराहून दुबईचें विमान त्याच वर्षाच्या जुलैंत सुरू झालें होतें. तात्पर्य, हीं शहरें आतां केवळ व्यापाराचीं राहिलेलीं नाहींत. दूरच्या प्रवासाचे दरवाजेही तेथें उघडले आहेत.

असा प्रघात केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. सावंतवाडीकडील लोकांस सिंधुदुर्गाचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं मिळाला; तरी गोव्याच्या पेडणें तालुक्यांतील मोपा येथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानें उडूं लागल्यावर अनेकांची पावलें तिकडेही वळलीं. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा विमानतळ १९४६ पासून फ्रान्सच्या भूमीवर आहे. अमेरिकेंतील सान दिएगो येथील उतारू २०१५ सालीं बांधलेल्या पुलावरून चालत मेक्सिकोंतील तिहुआना विमानतळावर जातात. कॅनडांतील टोरांटो शहरांत अनेक मराठी कुटुंबें राहतात. त्या शहरचे लोक अमेरिकेंतील स्वस्त विमानासाठीं सीमा ओलांडून बफेलो येथें मोटारीनें जातात. मात्र तेथें भारतीय पारपत्र असलेल्या कुटुंबास अमेरिकेचा प्रवेशपरवाना लागतो, आणि त्याचा खर्च बचतींतून वजा करावा लागतो. आपली हद्द त्या मानानें फार उदार आहे. सुरतेच्या वाटेवरील नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रांत आणि दुसरा गुजरातेंत आहे. फलाटावर चार पावलें टाकलीं कीं राज्य बदलतें, आणि कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या वेळचे दर घालून हें गणित पुन्हां मांडावें. समजा, मुंबईहून बंगळूरचें तिकिट माणशीं ५,००० रुपये आहे. पांच माणसांचें जाण्यायेण्याचें ५०,००० झालें; म्हणजे बाजूस काढलेली रक्कम तेथेंच संपली. त्याशिवाय नरडाण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत पोंचण्यास एका वेळीं माणशीं ६०० रुपये धरले, तर आणखी ६,००० लागतील. एकूण ५६,०००.

समजा, इंदुराहून अगर सुरतेहून तेंच तिकिट ४,१०० रुपयांस मिळतें. दहा तिकिटांचे ४१,००० झाले. नऊ हजार वांचले, असें म्हणून घरांतील मंडळी आनंदित होतात. परंतु हिशेब येथें संपत नाहीं. तो येथें सुरू होतो.

इंदूर नरडाण्याहून सुमारें सव्वादोनशें किलोमीटर आहे. भाड्याची गाडी केली, तर ती पोंचवून रिकामी परत येते, आणि आणावयास पुन्हां रिकामी जाते. म्हणजे सव्वादोनशेंचे नऊशें किलोमीटर झाले. किलोमीटरास चौदा रुपये धरल्यास १२,६०० रुपये, आणि टोलनाक्यांचे हजार. एकूण खर्च ५४,६००. मुंबईच्या मानानें शिल्लक पडले अवघे १,४०० रुपये! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ती ही गोष्ट.

आतां सुरतेचा मार्ग पाहूं. नरडाण्याहून आगगाडीनें माणशीं २५० रुपये धरले, तर जाण्यायेण्याचे २,५०० होतात. सुरतेचें स्थानक आणि डुमस रस्त्यावरील विमानतळ यांत बरेंच अंतर आहे, म्हणून दोन्ही वेळच्या रिक्षांचे १,२०० धरावे. विमान पहांटेचें असेल तर आदल्या रात्रीं मुक्काम करावा लागेल; त्याचे २,०००. एकूण ४६,७००. येथें ९,३०० रुपयांची खरी बचत झाली, आणि पन्नास हजारांतून लेकीच्या साडीचोळीस ३,३०० उरले. दोन्ही ठिकाणीं तिकिट तेंच, हद्द ओलांडणें तेंच. फरक पडला तो विमानतळापर्यंत जाण्याच्या साधनानें.

यांतून एक साधा नियम हातीं लागतो. विमानाचें भाडें माणसागणिक असतें, आणि मोटारीचें भाडें गाडीगणिक. वरील उदाहरणांत तिकिट आणि मुंबईची वाट मिळून माणशीं ३,००० रुपये वांचतात. एकटा मनुष्य मोटार करून इंदुरास गेला, तर तीन हजार वांचविण्यासाठीं तेरा हजार सहाशें खर्चील. पांच माणसांत खर्च कसाबसा निघतो. सात माणसें मोठ्या गाडींतून गेलीं, आणि तिचा दर अठरा रुपये धरला, तर २१,००० वांचून १७,२०० खर्च होतात आणि ३,८०० शिल्लक राहतात. म्हणून मोटारीनें जावयाचें असेल तर दोन कुटुंबांनीं मिळून जावें. थोडीं माणसें असतील तर रेल्वे अगर बस धरावी.

इंदुरास बसनेंही जातां येतें, आणि तो मार्ग कागदावर स्वस्त दिसतो. परंतु ज्या आजीच्या गुडघ्यांसाठीं विमान धरलें, तिलाच अनेक तास बसमध्यें बसविणें योग्य होईल काय, हा प्रश्न आंकड्यांनीं सुटत नाहीं. शिवाय त्या रस्त्याचीही एक किंमत आहे. १८ जुलै २०२२ रोजीं इंदुराहून अमळनेरास येणारी राज्य परिवहनाची बस खलघाटाजवळ नर्मदेंत कोसळली; ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें भरधाव वाहनानें अनेकांचे बळी घेतले. खानदेशांत या घटना अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. पहांटेचें विमान स्वस्त मिळालें म्हणून जागरण केलेल्या चालकाच्या हातीं सारें कुटुंब सोंपवून मध्यरात्रीं घाट चढणें, ही बचत नव्हे. एक वेळ हजार रुपये अधिक पडले तरी चालतील, पण दुपारचें विमान घ्यावें आणि दिवसाउजेडीं घाट ओलांडावा.

आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. विमान सुटण्यापूर्वीं सुमारें तासभर आधींच सामान घेण्याची खिडकी बंद होते. आगगाडीस उशीर झाला म्हणून विमान थांबत नाहीं, आणि तिकिटें वेगवेगळीं काढलेलीं असल्यामुळें रेल्वेच्या उशिराची भरपाई विमानकंपनी देत नाहीं. एका विमानाचीं पांच तिकिटें बुडालीं तर वीस हजारांवर पाणी पडतें. दोन हजारांचा मुक्काम त्यापुढें स्वस्तच म्हणावयाचा. देशांतील प्रवासांत बहुधा माणशीं पंधरा किलो सामान आणि सात किलो हातांतील पिशवी यांची मर्यादा असते. लेकीसाठीं नेलेले पापड, कुरडया, लोणचें यांचें वजन घरींच करून घ्यावें, नाहीं तर तिकिटांतील बचत तराजूवर निघून जाते. दोन वर्षें पूर्ण झालेल्या मुलास स्वतंत्र जागा घ्यावी लागते. तिकिटावरील नांव ओळखपत्राशीं जुळतें कीं नाहीं, हें पाहावें. आजीस चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकिट काढतांनाच कळवावें.

पुढील काळांत हें गणित पुन्हां बदलेल. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें २ सप्टेंबर २०२४ रोजीं मंजुरी दिली; त्याचा अंदाजी खर्च सुमारें १८,०३६ कोटी रुपये आहे. धुळें आणि नरडाणा यांस जोडणारा मार्ग याच वाटेवरचा. तो पूर्ण होऊन गाड्या धांवूं लागल्या, म्हणजे नरडाण्याच्या माणसास इंदूरही सुरतेसारखेंच आगगाडीनें गांठतां येईल, आणि आज मोटारीच्या भाड्यांत जाणारी बचत त्याच्या पदरांत राहील. तोंपर्यंत मात्र कागद आणि पेन्सिल हाच खरा वाटाड्या आहे.

त्या कागदावर चार रकाने पाडावे. पहिल्यांत तिकिटाची पूर्ण रक्कम, दुसऱ्यांत घरापासून विमानतळापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च, तिसऱ्यांत मुक्काम आणि जेवण, आणि चौथ्यांत लागणारे तास. चौथ्या रकान्यास रुपयांचें मोल नसतें. तें घरांतील सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून ठरवावें. ज्या कुटुंबाचें चित्र आरंभीं पाहिलें, त्यानें असे रकाने भरले, तर तें बहुधा सुरतेची गाडी धरील, आदल्या रात्रीं तेथें विसांवा घेईल आणि आजी ताजीतवानी होऊन लेकीच्या दारांत उतरेल. शिल्लक राहिलेल्या पैशांची साडी तिच्या हातांत असेल. इतकें साधलें म्हणजे हद्द ओलांडल्याचें सार्थक झालें असें समजावें.