परसातली बोर : जात निवडा, डोळा भरा



संक्रांतीला सुगडात घालायला बोरं लागतात, लेकराच्या बोरन्हाणाला लागतात. ती आपण बाजारातून विकत आणतो, आणि आपल्याच बांधावर गावरान बोर काटे मिरवीत उभी असते. तिचं मूळ खोल गेलेलं असतं, दुष्काळात तग धरण्याची ताकद तिच्यात असते. उणीव एवढीच, की फळ बारीक, आंबट आणि गर थोडा. ही उणीव भरून काढता येते. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट. गोड बोर खाल्लं, त्याचं बी पेरलं, म्हणजे झाड तसंच गोड निघेल असं समजू नका. चार-पाच वर्षं राखण करावी आणि हाती आंबट फळ यावं, असं पुष्कळदा होतं. म्हणून बियांपासून फक्त खुंट तयार करायचा. जात आणायची ती डोळा भरून.

जात कोणती घ्यावी? बाजाराला न्यायचं असेल तर उमराण बरी. फळ मोठं, लांबट, सोनेरी पिवळं. ते थोडं उशिरा तयार होतं, पण टिकतं चांगलं. घरच्या पोरांना खायला जळगावकडची मेहरूण लावा. फळ लहान, पण गोडीला छान. कडाका आंबटगोड आहे, आणि तिचा आणखी एक उपयोग आहे. तो मला चूक करून कळला.

आमच्या परसात मी एकटी उमराण लावली होती. पावसाळा सरताना फुलं भरपूर यायची, पण बोरं धरायची बेताची. मी कधी खताला दोष दिला, कधी पाण्याला. दोष माझाच होता. बोरीच्या बऱ्याच जातींना स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही, जवळ दुसरी जात लागते. मग मी त्याच झाडाच्या एका फांदीवर कडाक्याचा डोळा भरला. ती फांदी फुलावर आली आणि झाड बोरांनी लगडलं. तेव्हा जागा असेल तर दोन जातींची दोन झाडं लावा. नसेल तर एका झाडावर दोन जाती करा. हा पराग माश्या आणि मधमाश्या वाहून नेतात, म्हणून झाड फुलात असताना कीटकनाशक मारू नका.

आता डोळा कसा भरायचा? गावरान झाड असेल तर एप्रिल-मे महिन्यात ते जमिनीपासून हात-दीड हातावर कापा. नवे धुमारे फुटतील. त्यातले जोमदार तीन-चार ठेवा, बाकीचे काढून टाका. जून-जुलैत धुमारे पेन्सिलीएवढे जाड झाले, की चांगल्या झाडाच्या फांदीवरचा फुगलेला डोळा सालीसकट काढून त्यांवर बसवा. डोळा उघडा ठेवून वर-खाली प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा. डोळा फुटला की वरचा शेंडा कापा, आणि खुंटाला खालून येणारी फूट काढत राहा. ती राहिली तर गावरान फांदी वर चढते आणि केलेलं काम वाया जातं.

झाड नव्यानं लावायचं असेल तर बी जागेवरच पेरा. बोरीचं सोटमूळ उपटताना तुटतं आणि रोप दगावतं. कठीण कवच हलक्या हातानं फोडून आतलं बी पेरलं तर लवकर उगवतं. दोन झाडांत वीस फूट अंतर ठेवा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात कुजलेलं शेणखत आणि माती भरा.

पुढचं काम छाटणीचं. पुष्कळ जण इथंच हात आखडता घेतात. अहो, बोर येते ती त्या वर्षीच्या नव्या फुटीवर! उन्हाळ्यात पानं गळाली, की दर वर्षी एप्रिलअखेर गेल्या वर्षीच्या फांद्या अर्ध्याच्या आसपास कापा. वाळलेल्या आणि एकमेकींवर आलेल्या फांद्या काढा. या दिवसांत पाणी देऊ नका, झाड विश्रांतीत असतं. फळं धरल्यावर मात्र एक-दोन पाणी दिलं तर बोर पोसते.

थंडीच्या सुरुवातीला कोवळ्या फळांवर पांढरी भुरी दिसली, तर पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम घेऊन फवारा. फळमाशीच्या अळीसाठी किडकी, गळालेली बोरं रोज वेचून नष्ट करा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती चाळवा. तिचे कोष तिथंच असतात.

तर मंडळी, बांधावरची बोर मुळासकट तोडायला कुऱ्हाड उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा. खुंट राखा. पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर दोन डोळे भरा. पुढं लेकराच्या बोरन्हाणाला बोरं घरचीच असतील. रामराम!